पोंगा अडतो तेव्हा

सप्टेंबरात ग्रँड नैन केळीच्या झाडाला साधारण आठवड्याला एक पान येतं. पोंगा वर निघतो, दोन-तीन दिवसांत उलगडतो आणि त्याच्या मागून दुसरा डोकावायला लागतो. नव्या पानाच्या देठावर मी ऑइल पेंटचा ठिपका देतो आणि वहीत तारीख टाकतो. सगळ्या झाडांना नाही, प्रत्येक पट्ट्यातल्या ठरलेल्या काही झाडांनाच. दिवाळी होईपर्यंत ठिपके बरोबर पुढे सरकत राहतात. डिसेंबर लागला की अंतर वाढतं आणि जानेवारीत एकच पोंगा तीन-तीन आठवडे सुरळीतच उभा असतो. झाड हिरवं असतं, पाणी चालू असतं, खत दिलेलं असतं. रस्त्यानं जाणारा म्हणतो, "बाग मस्त हाय बाप्पा!" आणि मला वहीत दिसत असतं की बाग थांबलेली आहे.

लोहारा हे काही केळीचं गाव नाही. यवतमाळहून दारव्हा रस्त्याला लागलं की एमआयडीसी लागते, शिफ्ट सुटल्याची गर्दी लागते आणि त्यापलीकडे कपाशी, सोयाबीन, तूर. महाराष्ट्रात केळी म्हणजे तापीकाठचं रावेर, यावल, चोपडा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दुसरा पट्टा अर्धापूर-वसमतचा, कालव्याच्या पाण्यावरचा, आणि त्याच्या कडेकडेनं आमच्या जिल्ह्यातला उमरखेडचा भाग. तिथल्या लोकांना मी लोहाऱ्यात केळी लावतो असं सांगितलं की ते आधी विहिरीची खोली विचारतात. उंची कोणीच विचारत नाही. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास आहे, यवतमाळ साडेचारशेच्या. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री आमच्या मोकळ्या पठारावर थंडी कशी उतरते ते इथं राहणाऱ्यालाच कळतं. विदर्भातल्या सगळ्यांत थंड ठिकाणांच्या बातमीत यवतमाळचं नाव अधूनमधून येतं ते उगाच नाही.

पूर्वी हे एवढं बोचत नव्हतं, असं जुने बागायतदार सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. बसराई या जुन्या वाणाची बाग दीड वर्षाची असायची. तिच्या पदरात एक हिवाळा तर यायचाच, कधी दोनही यायचे. महिना-दीड महिना झाड अडलं तरी फारसं जाणवायचं नाही. नव्वदच्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशननं ऊतिसंवर्धित ग्रँड नैनची रोपं आणली आणि बाग अकरा-बारा महिन्यांवर आली. एकाच दिवशी लावलेली रोपं एकाच सुमाराला निसवायला, म्हणजे घड बाहेर टाकायला लागली. व्यापाऱ्याला ते सोयीचं, मजुरीला सोयीचं, आणि पैसाही लवकर मोकळा होतो. पण थंडीचे तीन-चार आठवडे या नव्या हिशोबात जड पडतात. सगळी बाग एकाच वयाची असते, त्यामुळे थंडीनं गाठलं तर सगळ्या बागेला एकाच जागी गाठतं.

थंडीनं केळी मरते, हा समज आमच्याकडे पक्का आहे. सहसा मरत नाही. केळीला सगळ्यांत मानवतं ते सत्तावीस-तीस अंशांचं हवामान. पारा सोळाच्या खाली गेला की वाढ मंदावते, बाराच्या खाली पानं पिवळसर व्हायला लागतात आणि शून्याजवळ पानातलं पाणी गोठून पान भाजल्यासारखं काळं पडतं. आमच्याकडे शून्य येत नाही. पण हवामान खात्याचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, पेटीच्या सावलीत असतो. वारा पडलेल्या, ढग नसलेल्या रात्री उघड्या आकाशाखालचं पान हवेपेक्षाही थंड होतं, आणि जमिनीलगतच्या गवताजवळ पारा पेटीतल्या आकड्याच्या तीन-चार अंश खाली असतो. पेपरात सहा अंश छापून येतात तेव्हा माझ्या नाल्याकाठी काय असेल, याचा अंदाज त्यावरून करावा.

२०१८ च्या डिसेंबराच्या अखेरीस विदर्भात थंडीची मोठी लाट आली होती. २९ डिसेंबरला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला. तेवढी थंडी नागपूरकरांनी डिसेंबरात कधी पाहिली नव्हती. त्या दिवसांत पहाटे बांधावरचं गवत पांढरं दिसायचं आणि पायाखाली करकर वाजायचं. नाल्याकडच्या ओळींतली वरची पानं दोन दिवसांत तपकिरी झाली. शेजारच्या वावरातले काकाजी बांधावर येऊन म्हणाले, "गेली रे बापू तुही केळी. कपाशीच पेरा लागत होती." केळी गेली नव्हती. जमिनीत कंद गरम होता आणि खोडाच्या गाभ्यातला कोंब शाबूत होता. फेब्रुवारीच्या मध्यात ऊन तापलं तसे त्याच जळक्या पानांतून हिरवे पोंगे वर आले. काकाजींनी ते पाहिले आणि माघार म्हणून विषय पाण्यावर नेला.

डोळ्यांना दिसणारं हे नुकसान मला फारसं घाबरवत नाही. घाबरवतं ते न दिसणारं. केळीचं फूल खोडाच्या आत, जमिनीजवळ, कंदाच्या टोकाला तयार होतं. बाहेर यायच्या बऱ्याच आधी. ते तयार होतं तेव्हा आणखी दहा-बारा पानं बाहेर पडायची बाकी असतात. म्हणजे उबेच्या दिवसांत सुद्धा अडीच-तीन महिने. घडाला किती फण्या येणार, फणीत किती केळी बसणार, हे त्या अंधारातच ठरतं. नेमकी तेव्हाच कडाक्याची थंडी पडली तर फण्या कमी पडतात, केळी वाकडीतिकडी होतात, दोन-दोन जुळून येतात. आणि हे आपल्याला कळतं मार्चात, पंखे सुरू झाल्यावर. घड निसवतो, त्याला नऊ-दहाऐवजी सहा फण्या असतात, आणि जो तो खताला, रोपाला, कंपनीला दोष देत सुटतो. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या थंड भागातल्या बागायतदारांचंही हेच दुखणं आहे. त्यांचा हिवाळा जून-जुलैत असतो, त्यामुळे त्यांचे बिघडलेले घड नोव्हेंबरात निसवतात, आणि त्या घडांना तिकडे 'नोव्हेंबर डंप' असं नावच पडलं आहे.

दुसरा प्रकार घड अडकण्याचा. फूल चांगलं तयार झालेलं असतं, दांडा वर सरकत असतो आणि ऐन निसवणीला पारा घसरतो. दांड्याची लांबी वाढत नाही, वरच्या पानांचे देठ एकमेकांत दाटून बसतात आणि घड गळ्यातच अडकतो. अर्धा आत, अर्धा बाहेर. कधी तर तो वरून न येता खोडाची बाजू फाडून निघतो. असा घड खाली लोंबत नाही, आडवा राहतो. फण्या एकमेकींत दबतात, मोकळ्या वाढत नाहीत. काही जण चाकूनं खोडाला चीर देऊन त्याला वाट करून देतात. मी ते करत नाही. चिरेतून पाणी जातं, खोड सडतं आणि फेब्रुवारीच्या वाऱ्यात झाड त्याच जागी मोडतं.

तिसरं नुकसान सालीचं, आणि यात शेतकरी हमखास फसतो. तेराच्या खाली हवा बराच काळ राहिली की तयार होत आलेल्या केळीच्या सालीखालच्या शिरा तपकिरी पडतात. बाहेरून फळ हिरवंगार दिसतं. पिकायला ठेवलं की पिवळं न होता मळकट, राखाडी होतं. आत गर ठीक असतो, गोडही असतो, पण हातगाडीवर ते केळ कोणी उचलत नाही. व्यापारी आला की तो आधी एक केळ तोडतो, नखानं साल सोलतो आणि आतल्या रेषा पाहतो. खानदेशात थंडीच्या या माराला चरका म्हणतात. "भाऊ, माल चरक्याचा आहे," एवढं तो म्हणाला की भाव पडलेला असतो, मग तुम्ही कितीही बोला. आता व्यापारी यायच्या आधी मीच साल सोलून पाहतो. आतल्या शिरा स्वच्छ निघाल्या तर ठीक. तपकिरी निघाल्या तर भावाची बोलणी कुठून सुरू होणार ते समजून घ्यायचं.

शिवाय थंडी बाजारातही असते, हे विसरता येत नाही. रावेर-बऱ्हाणपूरचा माल ट्रक भरभरून उत्तरेकडे जातो. दिल्ली-पंजाबात धुकं पडलं, थंडी वाढली की तिकडे केळी खाणारे कमी होतात. तिकडचा उठाव घसरला की भाव घसरतो आणि बऱ्हाणपूरच्या लिलावात निघालेला आकडा फोनवर आमच्यापर्यंत पोचतो. म्हणजे ज्या आठवड्यात आमची बाग अडते त्याच आठवड्यात गिऱ्हाईकही अडतं.

आता उपायांविषयी. गावात सगळ्यांत लाडका उपाय म्हणजे धूर. कचरा, ओला पालापाचोळा, कुटार बांधावर पेटवायचं आणि बागेवर धुराचं पांघरूण पसरवायचं. दिसायला ते फार समाधानाचं असतं. काहीतरी केलं असं वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. जमिनीची ऊब रात्री वर आकाशात निघून जाते, ती या पातळ धुरानं फारशी अडत नाही. उपयोग होतो तो जाळाच्या उबेचा, आणि त्यासाठी एक मोठी होळी न करता ओळींच्या अधूनमधून लहान लहान शेकोट्या पेटवाव्या लागतात. एकरात साडेचौदाशे झाडं असतात. त्यांच्यासाठी रात्रभर शेकोट्या सांभाळणारी माणसं आणि लाकूड आणायचं कुठून? म्हणून नाल्याकडे केळी होती तोवर मी धूर तिथल्या दोन-तीन ओळींपुरता ठेवायचो, आणि तोही काकाजींच्या समाधानासाठी, असं म्हटलं तरी चालेल.

खरं काम करतं ते पाणी. विहिरीचं पाणी हिवाळ्यातही पंचवीस अंशांच्या आसपास असतं; पहाटे त्यातून वाफ निघताना दिसते. ते ओळीतल्या सरीतून मोकळं सोडलं तर स्वतःची ऊब जमिनीला देऊन पुढे जातं. पण त्याहून मोठा फायदा ओल्या मातीचा. कोरडी, भेगाळलेली काळी जमीन दिवसाची ऊब वरच्या वरच धरते आणि सांजेलाच सोडून देते. ओली जमीन ती खोलवर साठवते आणि रात्रभर हळूहळू बाहेर टाकते. म्हणून लाटेची सूचना आली की मी त्याच रात्रीची वाट पाहत नाही, आदल्या दिवशी दुपारपर्यंत जमीन ओली करून घेतो. नुसत्या ठिबकनं हे होत नाही. ठिबकनं झाडापुरती जागा भिजते, मधला सगळा पट्टा कोरडाच राहतो. ठिबकचा संच असून हिवाळ्यात सरीनं पाणी देतो म्हणून मला नावं ठेवणारे आहेत, ठेवोत.

यात वीज आली की गंमत येते. शेतीची थ्री फेज लाइन आमच्याकडे आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री. रात्रीच्या पाळीला सगळे शिव्या देतात, मीही देतो, कारण अंधारात सरीत उभं राहणं म्हणजे साप, रानडुकरं आणि रोह्यांच्या, म्हणजे नीलगाईंच्या कळपाशी गाठ. रानडुकराला तर केळीचा कंद फारच आवडतो. एका रात्रीत तो चरका परवडला असं म्हणायला लावतो. पण लाट रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात आली तर मला मनातून बरंच वाटतं. पहाटे तीन ते सहा हा सगळ्यांत थंड वेळ, आणि तेव्हा मोटर चालू असते. मग डीपीवरचा फ्यूज उडतो. थंडीत सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की तो उडतोच. चार-पाच जण आपापल्या बॅटऱ्या घेऊन डीपीखाली जमतात, तिथं शेकोटी पेटते, आणि ती शेकोटी मात्र कधी विझत नाही.

वारारोधकाचं प्रकरण जरा नाजूक आहे. उत्तरेकडून आणि पश्चिमेकडून शेवरी नाहीतर गजराज गवताची दाट ओळ लावावी असं सगळीकडे सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. थंड वाऱ्यानं पानं फाटतात, फाटलेलं पान लवकर वाळतं. पण लाटेतल्या सगळ्यांत वाईट रात्री वारा नसतोच. तेव्हा थंड हवा जड होऊन उताराकडे वाहते, पाण्यासारखीच. माझं वावर नाल्याकडे उतरतं. खालच्या बांधावर दाट कुंपण असेल तर ती हवा तिथं अडून तुंबते आणि आधी खालच्या ओळी, मग त्यांच्या वरच्या, अशा बुडत जातात. म्हणून वरच्या बाजूला शेवरी दाट ठेवली आणि नाल्याच्या अंगाला मधे मधे मोकळ्या फटी. या फटींतून रोही आत येतो, हे खरं. तिथं जाळी लावली आहे; जाळीतून हवा जाते, रोही सहसा जात नाही.

पिवळ्या पानांविषयी एक सांगायला हवं. जानेवारीत बाग पिवळी पडली की कृषी केंद्रातून पिशव्या आणि बाटल्या निघतात. मॅग्नेशियम घाला, झिंक घाला, अमुक टॉनिक फवारा. थंड मातीत मुळंच काम करत नाहीत, मग घातलेलं उचलणार कोण? थंडीत मी ठिबकमधून देण्याचं खत कमी करतो आणि जे द्यायचं त्यात पोटॅशकडे जास्त लक्ष ठेवतो. निंबोळी पेंडीनं जमिनीत ऊब येते असं सांगतात. त्या उबेवर माझा फार विश्वास नाही, पण मुळांवरच्या सूत्रकृमीसाठी पेंड उपयोगी आहे, म्हणून घालतो. पिवळेपणावरचं खरं औषध म्हणजे फेब्रुवारीचं ऊन, ते फुकट मिळतं.

आणि जळकी पानं. कामावरच्या बाया येतात तेव्हा त्यांचे हात शिवशिवत असतात. "भाऊ, हे पानं वाळले, कापून टाकू का? बाग कशी भकास दिसून राह्यली." मी म्हणतो, राहू द्या बाई, महिनाभर राहू द्या. खाली लोंबलेली वाळकी पानं खोडाला आणि घडाला आडोसा देतात. पुन्हा लाट आली तर आधी त्यांच्यावर निभावतं. अर्धं हिरवं असलेलं पान तर काढायचंच नाही. घड भरायला झाडाला आठ-दहा तरी कामाची पानं लागतात. अपवाद करप्याचा. हिवाळ्यातल्या दवानं करपा पसरतो. ठिपके पडलेला पानाचा भाग तेवढा कापून बागेबाहेर न्यायचा. थंडीनं जळलेलं पान आणि करप्यानं जळलेलं पान यांतला फरक बायांना आता माझ्याहून चांगला कळतो. करपा ठिपक्या-ठिपक्यांनी येतो आणि खालच्या पानांवर आधी दिसतो. थंडी वरच्या, आकाशाकडे उघड्या पानांना आधी धरते.

घडांवर स्कर्टिंग बॅगा घालतो. त्या डागांसाठी, फुलकिड्यांसाठी असतात, पण थंडीतही थोड्या कामाला येतात. लहान रोपांवर क्रॉप कव्हर घालता येतं, दोन काड्या रोवून त्यावर चढवायचं. मोठ्या झाडांना असलं काही पांघरता येत नाही. इस्रायलमध्ये केळीच्या अख्ख्या बागा जाळीखाली असतात हे ऐकून काकाजी म्हणाले होते, "आता केळीले घोंगडंच राह्यलं बाप्पा."

विम्याचंही लोक विचारतात. जळगावकडे हवामानावर आधारित फळपीक विमा केळीला आहे. हिवाळ्यात सलग तीन दिवस पारा आठ अंश किंवा त्याखाली राहिला तर भरपाई लागू होते. कल्पना चांगली आहे. पण मोजणारं यंत्र महसूल मंडळात कुठंतरी एका जागी असतं, आणि थंडी एकाच वावराच्या वरच्या बांधावर एक आणि नाल्याकाठी दुसरी असते. शिवाय दोन रात्री सात अंश, तिसऱ्या रात्री साडेआठ आणि चौथीला परत सात, अशी थंडी पडली तर झाडाला त्रास होतो, पण सलग तीन दिवस काही भरत नाहीत.

एवढं सगळं केल्यावरही माझं मत असं झालं आहे की थंडीशी लढायची जागा जानेवारीतलं शेत नव्हे, लागवडीची तारीख. जूनमध्ये मृग बाग लावली तर रोपं सातव्या महिन्यात, म्हणजे ऐन जानेवारीत निसवायला येतात आणि घड गळ्यात अडकतात. जुलैच्या शेवटी, ऑगस्टात लावली तर फूल आत तयार होण्याचा काळ डिसेंबर-जानेवारीत सापडतो आणि फण्या घटतात. ऑक्टोबरची कांदेबाग थंडीत लहान असते, नुसती खुंटते, पण तिची निसवण मे महिन्यात येते, त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत, आणि घड उन्हानं भाजतात. उरतो फेब्रुवारी. फेब्रुवारीच्या मध्यात लावलेली बाग ऑगस्ट-सप्टेंबरात निसवते, ऊबदार हवेत घड भरतात आणि बहुतेक माल कडाक्याच्या थंडीआधी निघून जातो. शेवटचे थोडे घड सापडतात, पण ते थोडेच.

कागदावर हे झकास आहे. अडचण एप्रिल-मे महिन्यांची. तेव्हा ही रोपं दोन-तीन महिन्यांची असतात, त्यांना रोज पाणी लागतं, दक्षिण-पश्चिमेच्या अंगाला तागाची सावली लागते, आणि त्या तागालाही पाणी लागतं. माझी विहीर एप्रिलपर्यंत दोन एकर सांभाळते, मे महिन्यात एकच. म्हणून सध्या फेब्रुवारीत एकच एकर आणि दुसरा एकर मृगाचाच, वरच्या बांधाकडच्या उंच तुकड्यावर, जिथं थंड हवा साचत नाही. नाल्याकाठच्या ओळींतून केळी काढली आणि तिथं हरभरा घेतला. थंडी त्याला मानवते. ऊतिसंवर्धित रोपांची नोंदणी दोन-तीन महिने आधी करावी लागते, म्हणजे फेब्रुवारीच्या रोपांसाठी दिवाळीच्या आसपास फोन. तेव्हा बाग जोरात असते, आठवड्याला एक पान येत असतं, आणि रोपवाटिकेचा माणूस दर वेळी विचारतो, "दोन्ही एकर एकदमच लावा ना, गाडीभाडं वाचेल." त्याला विहिरीची पातळी सांगावी लागते.